गळाबरोबर घरचं माणूस

आमच्या गावात बघण्यासारखं काय आहे असं कोणी विचारलं, तर मी बारव सांगते आणि विषय संपवते. परवा तो तसा संपला नाही. गावातले दोन तरुण अहमदपूरला माझ्या घरी आले. गावाची स्मरणिका काढायची आहे, त्यात ‘गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे’ एवढा मजकूर मी लिहून द्यावा, असं त्यांचं म्हणणं. "मॅडम, तुम्ही जुन्या आहात," असं त्यातला एक म्हणून गेला आणि ओशाळला. मी पन्नाशीची आहे, शाळेत गणित शिकवते. जुनी म्हटल्याचा राग धरत बसायला मला वेळ नसतो. मी हो म्हटलं.

ते गेल्यावर लिहायला बसले. लोह्याकडून अहमदपूरकडे येताना चिंचांच्या झाडांमागे आमचं गाव. एक वेस आहे. तिची लाकडी दारं कोणीतरी कधीच सरपणाला नेली. एक दर्गा आहे, त्याच्या आवारातल्या पांढऱ्या चाफ्याला बारा महिने फुलं असतात असं म्हणतात. मी स्वतः ती दोनदाच पाहिली आहेत. मारुतीच्या देवळाच्या पायरीला एक कोरीव दगड बसवला आहे, तो उघडच दुसऱ्या कुठल्या तरी देवळाचा आहे. सोमवारी बाजार भरतो. घोंगड्या, मिरच्या, दावी, आणि दुपारनंतर उरलेली वांगी. आणि बारव. काळ्या दगडाची, चौकोनी, तीन बाजूंनी पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, चौथ्या बाजूला कमान आणि कमानीवर रहाट. ती कोणी बांधली हे गावात ज्याला विचाराल तो वेगळ्या राजाचं नाव सांगतो, आणि छातीठोकपणे सांगतो.

इथवर लिहिलं आणि पुढे सरकेना. वैशाख चालू आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही करंगळीएवढं. गेल्या रविवारी गावी गेले होते तेव्हा बारवेत डोकावले. कॉलेजची मुलं गाळ काढायच्या तयारीत होती. पाणी पार खाली गेलेलं, आणि जिथून ते उतरलं त्या पायऱ्या अजून ओल्या. शेवाळ, तापलेला दगड आणि काहीसा तांब्यासारखा, जिभेला लागावा असा वास. मी कठडा धरला. मुलांना वाटलं मॅडमना चक्कर आली. चक्कर वगैरे मला येत नाही. मला फक्त त्या एका उन्हाळ्याचा वास आला होता, आणि तो उन्हाळा स्मरणिकेत बसण्यासारखा नाही. म्हणून तो इथं लिहिते.

निजामाचं राज्य तेव्हा संपत आलं होतं. हे आज म्हणायचं. राज्य संपत येतं तेव्हा ते लांब जाताना दिसत नाही. उलट नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखं, अगदी दारात बसल्यासारखं दिसतं. आमच्याकडे ते कडुनिंबाखाली बसलं होतं. बारवेच्या कमानीसमोर कडुनिंबाचं झाड होतं, त्याच्या पारावर हिवाळ्यापासून काही बंदूकवाली माणसं येऊन राहिली होती. ती आमच्या गावची नव्हती. बंदुका झाडाला टेकवून ती दिवसभर चहा पीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. त्यांना काय म्हणतात ते सगळ्या मुलुखाला माहीत होतं, पण आमच्या घरात तो शब्द उच्चारायची बंदी होती. आई नुसतं ‘ते’ म्हणायची. ‘ते’ म्हटलं की भाकरी थापायचा आवाज जरा वेळ थांबायचा. आजूबाजूच्या खेड्यांतून बातम्या यायच्या: अमक्या गावी गेले, घरं धुंडाळली, ज्यांच्याकडे लपवलेलं सापडलं त्यांना ‘पलीकडच्या लोकांना सामान पुरवता’ म्हणून धरून नेलं. पलीकडचे म्हणजे सरहद्दीच्या पलीकडे जाऊन या राज्याविरुद्ध उभे राहिलेले. कोण खरंच पुरवत होतं आणि कोण नुसतंच आपला हंडा वाचवत होतं, हे विचारत बसायला कोणाला सवड नव्हती.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वडील जळकोटला मास्तर. त्यांची शाळा उर्दूतून, पगार निजामाच्या शिक्क्यात, आणि महिनेसुद्धा सरकारी. घरी वैशाख असायचा तेव्हा त्यांच्या कागदावर तीर महिना असायचा. एरवी महिन्याकाठी एक फेरी करणारे वडील त्या उन्हाळ्यात आले नाहीत. रस्ते बरे नाहीत, एवढाच निरोप आला.

आता गळाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. विहिरीत पडलेली बादली, घागर काढायचा लोखंडी गळ: एका कड्याला लटकणारे पाच-सहा आकडे. हल्लीच्या मुलांनी तो पाहिलेला नसतो. आमच्या गावचा गळ आमच्या घरी असे. पणजोबांनी कधीतरी करून घेतला होता. त्यात पुण्य वगैरे काही नव्हतं, सोय होती. उन्हाळा आला की पाणी खोल जायचं, दोर वाळून कुजके व्हायचे, आणि बादल्या पडायच्या. मग दिवसातून दोनदा दारात कोणीतरी उभं: "मास्तरीणबाई, गळ द्या जरा." उन्हाळा म्हणजे आमच्या घरी गळाचा हंगाम.

त्याची रीत ठरलेली होती. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. त्यानं येताना आपलं एखादं भांडं आणायचं, ते गळ परत येईपर्यंत आमच्या ओसरीवरच्या कोनाड्यात राहायचं. आणि गळ एकटा जायचा नाही. बरोबर घरचं माणूस जायचं. कारण गळ टाकला की आपली बादली सोडून दुसऱ्याचंच काहीतरी वर येतं, गेल्या वर्षी पडलेलं, कोणी विसरलेलं. तेव्हा घरच्या माणसानं ते भांडं पायरीवर ठेवून, त्यावरचं नाव वाचून, बारवेतूनच मोठ्यानं पुकारायचं: अमक्याची घागर निघाली हो! मग ज्याची त्यानं येऊन न्यायची. भांडी गिळायची सोय कोणालाच राहू नये म्हणून ही रीत. वाचायला यायला लागल्यापासून घरचं माणूस मी होते. बारवेत आवाज घुमतो. माझा आवाज वेशीपर्यंत जायचा आणि मला त्याचा गर्व होता.

त्या वर्षी चैत्र गेला, वैशाख अर्धा गेला, आणि गळ मागायला एकही माणूस आलं नाही.

गळ खुंटीवर कोरडा लटकत होता. त्याच्यावर कोळ्यानं जाळं केलं. मला काम नव्हतं म्हणून मी चिडले होते. आई मात्र जाता-येता त्याच्याकडे बघायची, जसं आजारी माणसाच्या उशाकडे बघतात. एका सकाळी आम्ही बारवेवर असताना सखूबाईची बादली पडली. सखूबाई आमच्या शेजारची, शेतात मजुरीला जाणारी, तोंडाची फटकळ. रहाटावर दोर तुटला, बादली आपटली, बुडबुडे आले. मी म्हटलं, "थांब मावशे, गळ आणते."

"नगं."

"का? लगेच निघंल."

"नगं म्हनलं नं. जाऊ दी मेली, जुनी व्हती."

"परवाच आणलीस की बाजारातनं."

"लई बोलून राहिलीस गं तू," सखूबाई म्हणाली, आणि भोवतीच्या बाया एकदम कामाला लागल्या. कोणी घागर घासायला, कोणी पदर खोचायला. सखूबाईसारखी बाई नवीकोरी बादली सोडून देते आणि एकही बाई तिला हसत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. परत येताना आईनं माझा दंड एवढा घट्ट धरला होता की वळ उठला.

मला तेव्हा जे माहीत नव्हतं ते आज सरळ लिहिते. गावातल्या बहुतेक घरांची चांगली भांडी त्या बारवेत होती. हिवाळ्यात ‘ते’ गावात येऊन बसले, तेव्हा बारव काठोकाठ भरलेली होती. पहाटेच्या पाण्याला बाई दोन घागरी घेऊन जायची आणि एक घेऊन यायची. दुसरी, आत जे काही असेल नसेल ते चिंधीत कोंबून, तळाला. नंतर काढायला सोपं जावं म्हणून गळ्याला दोरीचा फास ठेवलेला. प्रत्येक घराला वाटत होतं की ही युक्ती आपल्यालाच सुचली. आणि प्रत्येकाला वाटत होतं, महिन्या-दोन महिन्यांत सगळं मिटेल. उन्हाळा येतो, हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. पाण्यासाठी जन्मभर पायऱ्या मोजत आलेल्या लोकांकडून ही चूक झाली. भीतीत माणूस पुढच्या दारापुरतंच बघतो.

आणि आता पाणी उतरत होतं. रोज सकाळी पाहावं तर एक नवी ओली पायरी. उन्हाळ्यात पायरी उघडी पडली की पोरं तिच्यावर बसून पाय पाण्यात सोडायची. त्या वर्षी आया हाक मारून मारून वर बोलवायच्या. माणसं बारवेच्या काठाशी येऊन नुसतीच उभी राहत, पाण्याकडे बघत आणि परत जात. समोर कडुनिंबाखाली चहाचे कप वाजत.

कचेरीला पाणी भरणारा पाशामामू होता. हेल्याच्या पाठीवर कातड्याची पखाल टाकून तो दिवसातून चार खेपा करायचा. त्याच्याइतकं बारवेचं पोट कोणालाच माहीत नव्हतं. एका संध्याकाळी आमच्या दारावरून जाताना तो थांबला, हेल्याच्या पाठीवर थाप मारत, आईकडे न बघता म्हणाला, "माई, इस साल बारव में पानी कम, पितळ ज्यादा."

आई म्हणाली, "पाशामियाँ, तुम्ही पखाल भरा."

"भरताच हूँ. मेरी बादली नीचे लगती तो आवाज आता. तबसे मैं हळू छोडता." मग हेल्याला शिवी देऊन तो पुढे गेला. शिवी जरा जास्तच मोठ्यानं दिली, झाडाखाली ऐकू जावी अशी.

दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, किशनराव आले. कचेरीत कारकून, आमच्याच गावचे, वडिलांच्या बरोबरीनं खेळलेले. हातात तांब्या. दारातच म्हणाले, "वैनी, गळ हाय का?"

आई तांदूळ निवडत होती. सुपातला हात थांबला. "हाय की. काय पडलं?"

"बादली."

"कुठं?"

"बारवेत."

"तुमच्या घरी आड असून बारवेवर आलात व्हय?"

"आड आटला." किशनराव हसले. "गळ देताना आता पंचनामा करून राहिलात का वैनी?"

आई हसली नाही. किशनरावांनी ओसरीवर बसून टोपी काढली, घाम पुसला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मास्तर जळकोटलाच हायेत न्हवं? का गेले पलीकडं? न्हाई, कचेरीत कोणी इचारत होतं. मी म्हनलं, आमचे मास्तर कुठं जातेत."

"पेपर तपासून राहिलेत," आई म्हणाली.

"तेच म्हनलं मी बी."

मग त्यांनी रीतीप्रमाणे तांब्या कोनाड्यात ठेवला. आईनं उठून तो उचलला. तेव्हा भांडं नवीन घेतलं की कासाराकडून त्याच्यावर नाव घालून घ्यायचं, बारीक छिन्नीनं, ठिपक्या-ठिपक्यांनी. नावाशिवाय भांडं घरात येत नसे. या तांब्यावर नावाच्या जागी कानशीनं घासलेला गुळगुळीत पट्टा होता. आईनं त्यावरून अंगठा फिरवला.

"नाव न्हाई यावर."

"नवा हाय, वैनी."

बुडाला पोचे होते. आईनं तांब्या परत कोनाड्यात ठेवला, अगदी अलगद.

किशनरावांना काय हवं होतं हे आता मला स्वच्छ दिसतं. त्यांना बारवेत काय आहे ते कळलं होतं, आणि त्यांना ते बंदूकवाल्यांच्या आधी, गुपचूप, थोडंथोडं काढायचं होतं. नवा गळ करायला टाकला असता तर लोहारानं विचारलं असतं. आमचा गळ घेऊन बारवेत बसलेल्या माणसाला मात्र कोणी काही विचारत नाही. उन्हाळ्यात ते रोजचं दृश्य. आई नाही म्हणाली असती तर कडुनिंबाखाली जाऊन दोन शब्द बोलायला त्यांना वेळ लागला नसता, बारवेबद्दल आणि वडिलांबद्दलही. हो म्हणाली तर गाव गेलं. तिच्यापुढे एवढंच होतं आणि विचार करायला गळ खुंटीवरून काढण्याइतका वेळ.

तिनं गळ काढला, पदरानं कोळ्याचं जाळं पुसलं. मला म्हणाली, "जा गळाबरोबर."

"पोरीला कशाला उन्हात? मी आणून देतो की," किशनराव म्हणाले.

"रीत हाय."

मग माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून, माझ्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "नेहमी करतीस तसं सगळं करायचं. काही सोडायचं न्हाई. कळलं?" तिची बोटं रुतली. मला एवढंच कळलं की कितीतरी दिवसांनी मला काम मिळालंय. मी उड्या मारत निघाले.

दुपारच्या त्या वेळी बारवेत कोणी नसतं. वर ऊन पांढरं झालेलं, खाली गारवा, आणि कमानीतल्या पारव्यांचा तो एकसुरी आवाज. किशनराव रहाटाकडे गेलेच नाहीत. पायऱ्या उतरून अगदी पाण्याशी गेले, दोर हातावर गुंडाळला आणि गळ हळूच सोडला, दगडावर वाजू नये असा. मी दोन पायऱ्या वर बसले. पाणी हिरवं होतं. दोर डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला आणि ताणला गेला.

वर आली ती बादली नव्हती. घागर होती, गळ्याला दोरीचा फास, तोंडात चिंधी, अंगभर शेवाळ. किशनरावांनी चिंधी उपसली, हात आत घातला. चांदीचे वाळे बाहेर आले. लहान मुलाचे. ते त्यांनी खिशात टाकले. मी घागर माझ्याकडे ओढली, अंगठ्यानं शेवाळ पुसलं आणि नाव वाचलं. सखूबाईच्या सासऱ्याचं होतं. मी उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि पुकारलं.

"सखूबाईची घागर निघाली हो!"

पारवे उडाले. आवाज तिन्ही बाजूंच्या पायऱ्यांवरून घुमत वर गेला. किशनरावांचा चेहरा मी विसरलेली नाही. "गप! गप कार्टे!" ते दातांतल्या दातांत म्हणाले. पण पुकार झाली होती, आणि वर एक चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

सगळ्यात आधी खाली आला तो नरहरी कासार. त्याचं दुकान कमानीच्या अंगाला. भांडी विकणं, जुनी मोडीत घेणं, नवीन भांड्यांवर नावं घालणं, हा त्याचा धंदा. बारवेतल्या जवळजवळ प्रत्येक भांड्यावरचं नाव त्याच्याच हातचं. तो पायऱ्या उतरत होता आणि त्याच्यामागे कडुनिंबाखालचे तिघं, बंदुका घेऊन.

"क्या निकला रे?" एकानं विचारलं.

किशनराव म्हणाले, "साहेब, मी बादली काढून राहिलो. हे काय लागलं कुणास ठाऊक."

"किसका है?"

मी तोंड उघडलं. नरहरी माझ्याकडे न बघता मध्ये आला. "माझी हाय साहेब. मोडीत घेतलेली. कासार हाय मी."

"मोड का माल पानी में?"

"उन्हानं कथील सुटतं साहेब. गारव्याला ठेवतो." असं काही नसतं. कथील उन्हानं सुटत नाही. पण त्यानं ते इतकं कंटाळून सांगितलं की तिघांपैकी एकानं मान हलवली. दुसऱ्यानं नाही. तो पायरीवर उकिडवा बसला आणि किशनरावांना म्हणाला, "और डाल."

किशनरावांनी गळ परत टाकला. आता हळू नाही. आकडे दगडावर वाजत होते. हंडा आला. परात आली. दोन घागरी एकदमच आल्या, एकमेकींत फास अडकून. प्रत्येक भांडं पायरीवर ठेवलं की तो उकिडवा बसलेला माणूस माझ्याकडे बोट करायचा, "पढ." मी नाव वाचायची, आता पुकारत नव्हते, ओठातल्या ओठात. आणि प्रत्येक नावाला नरहरी तेच म्हणायचा, "माझी. मोडीत." वर काठावर बाया जमल्या होत्या. कोणी एक पायरीसुद्धा खाली उतरलं नाही. सखूबाई होती. तिनं तोंडात पदर कोंबला होता.

मग एक तांब्याची कळशी आली. मी शेवाळ पुसलं आणि वडिलांचं नाव दिसलं. आमच्याही घरचं खाली होतं, हे मला तेव्हा कळलं.

"पढ."

मला येईना. अक्षरं दिसत होती, तोंडातून येत नव्हती. नरहरीनं वाकून पाहिलं. "ही बी माझी," तो म्हणाला. "मास्तरणीनं मोडीत घातली. बुडाला भोक हाय." भोक नव्हतं. त्यातून पाणी गळत नव्हतं, कोणालाही दिसलं असतं. त्यानं कळशी उचलली आणि पालथी घालून इतर भांड्यांत ठेवली, म्हणजे पाणी सगळं पायरीवर सांडलं आणि बघायला काही उरलं नाही.

उकिडवा बसलेला माणूस हसला. "इतना माल एक कासार का? तू तो बडा आदमी निकला." मग हसू थांबवून विचारलं, "किसके लिए रखा था?"

नरहरीनं पायरीवरच्या भांड्यांकडे पाहिलं. एका माणसाचं म्हटल्यावर ते इतकं झालं होतं की लपवलेलं म्हणून शोभत नव्हतं. साठवलेलं वाटत होतं, कोणालातरी पोचवण्यासाठी. आमची सगळ्यांची भीती त्यानं एकट्याच्या नावावर करून घेतली आणि ती एका माणसाला फार झाली.

भांडी बैलगाडीत भरली. गाडी लोह्याच्या रस्त्यानं गेली आणि नरहरी गाडीमागे चालत, हात बांधलेले. त्याच्या दुकानाची फळी उघडीच होती. कोणीतरी ती लावावी असं सगळ्यांना वाटत असणार, पण पुढे कोणी झालं नाही. मी गळ घेऊन घरी आले. आईनं तो माझ्या हातातून घेतला, खुंटीवर लावला, आणि मला जेवायला वाढलं. मी जेवले. हे लिहायला लाज वाटते, पण मला भूक लागली होती.

पुढे कितीतरी वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर, मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं मी ओरडणार." ती भाजी चिरत होती. चिरत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, बाया येतील खाली. चार बाया आल्या असत्या तर त्याला काही नेता आलं नसतं." तिचा हिशेब बरोबर होता. रोजच्या दिवसाला तो बरोबर होता. झाडाखाली कोण बसलंय, तेवढं एक धरायचं राहून गेलं. मी गणित शिकवते. एक संख्या सुटली की उत्तराचं काय होतं ते मला ठाऊक आहे. मुलांचा हिशेब खोडते, तिचा खोडता येत नाही.

पावसाळा सरता सरता राज्य गेलं. कडुनिंबाखालची माणसं एका सकाळी नव्हती. त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या गावात आणखीही जे घडलं ते कोणी सांगत नाही, आणि स्मरणिकेत तर कोणीच लिहिणार नाही. पाशामामूचा हेला बेवारशी फिरताना मी पाहिला. पाशामामू पुन्हा दिसला नाही. तो कुठं गेला हे मी मोठ्यांना विचारलं, तेव्हा मला पाणी आणायला पाठवलं. किशनराव मात्र कचेरीतच राहिले. कागद उर्दूचे मराठी झाले, खुर्ची तीच. वडील जळकोटहून आले, वाळलेले, दाढी वाढलेले, आणि त्यांना काही सांगायचं नाही असं ठरल्यासारखं आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही.

ज्वारी पोटऱ्यात आली, कणसं बाहेर पडायला झाली, तेव्हा नरहरी परतला. मी त्याला ओळखलं नाही. उजवा हात मनगटापासून वळलेला, दोन बोटं मिटत नव्हती. कोणी त्याला हार घातला नाही. त्या दिवसांत हार पुष्कळ जणांना घातले जात होते. दुसऱ्याच दिवशी सखूबाई त्याच्या दुकानाशी गेली. मी तिथंच होते.

"नरहरीदादा, माझी घागर?"

मला वाटलं, आता तो ओरडेल. सखूबाईचा राग मला तेव्हा आला, आज येत नाही. तिच्याकडे तेवढी एकच होती.

नरहरी म्हणाला, "मोडीत घेतली मी. चारचौघांत म्हनलो." आणि आतून एक घागर काढून तिला दिली. "मोडीत घेतलं म्हंजे बदली द्यावंच लागतं बाई. धंदा हाय माझा."

मग एकेक करत सगळेच गेले. कोणी शरमून, कोणी नुसतंच समोर उभं राहून. आई गेली नाही. त्यानंतर मलाही तिनं त्या बाजूला जाऊ दिलं नाही. म्हणून तोच आला, दुपारचा, खांद्यावर पोतं. ओसरीच्या कडेला टेकला, पोत्यातून एक तांब्या काढून पुढे ठेवला.

"नको दादा," आई म्हणाली. "आमचं काय न्हाई तुमच्याकडं."

"कळशीएवढं तांबं न्हाई राहिलं वैनी. यावर भागवा."

"नको म्हणते ना."

"घ्या. तुमची बी मोजली मी त्या दिवशी." मग माझ्याकडे वळला. "डाव्या हातानं घातलंय नाव. तुला वाचता येतं. बघ बरं, वाचता येतंय का."

मी तांब्या हातात घेतला. ठिपके होते, पुष्कळ होते. काही खोल गेलेले, काही नुसते ओरखडे. एक ओळ वर चढलेली, दुसरी तिच्यावरच घसरलेली. मी तो उजेडाकडे धरला, फिरवला, अंगठ्यानं पुसला. आई माझ्याकडे बघत होती. एकही अक्षर लागत नव्हतं.

"येतंय," मी म्हटलं.

"मग बरं," नरहरी म्हणाला. त्यानं डाव्या हातानं पोतं खांद्यावर घेतलं आणि तो शेजारच्या दाराकडे गेला. आतली भांडी एकमेकांवर आपटत होती.